पाच तक्रारी मागायला नांदेड-लातूर

तक्रार करायला म्हणून माणसं लांब लांब जातात. तहसीलला जातात, कलेक्टर कचेरीला जातात, फारच झालं तर मुंबईला जातात. तक्रार मागायला कोणी गेल्याचं मात्र माझ्या ऐकण्यात नव्हतं. मी गेले. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली वाचनालयं फिरले, दारोदार जाऊन म्हणाले की माझी चूक काढा. परत आले तेव्हा माझ्याजवळ शाली होत्या, खण होते आणि इतके नारळ होते की कंडक्टरनं मालाचं तिकीट काढायला लावलं.

आधी माझं आणि कामाचं सांगते. मी अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातली. नाव वर्षा लिंबाजी ढगे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी दबकत सांगत नाही, मोठ्यानं सांगते. संभाजीनगरला नोकरी करते आणि उरल्या वेळात ‘कपाट’चं काम करते. कपाट म्हणजे लहान वाचनालयांसाठीचं सॉफ्टवेअर. कोणतं पुस्तक कोणाकडं गेलं, परत कधी यायचं, एवढं ते सांभाळतं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याला मालक नाही. फुकट मिळतं, त्याचं पोट उघडून कोणीही आत बघू शकतं, आणि ज्याला जे येतं ते त्यानं त्यात घालावं. कोणी कोड घालतं. मला मराठी येतं, म्हणून मी त्याचं मराठी माहितीपुस्तक लिहिलं. संगणक सुरू करण्यापासून हरवलेल्या पुस्तकापर्यंत सगळं त्यात आहे. लोक त्याला गाईड म्हणतात.

दोन वर्षांत या गाईडवर एकही तक्रार आली नव्हती. हिंदी गाईडवर रोज कोणीतरी ओरडायचं, तमिळवर तर भांडणं व्हायची. माझ्यावर चकार शब्द नाही. मी आबांना, म्हणजे वडिलांना सांगितलं की सगळ्या भाषांत आपलंच तेवढं बिनचूक आहे. आबांनी ते पिठाच्या गिरणीवर सांगितलं. त्यामुळं सगळ्या गावाला माहीत झालं.

मग अनिताचा निरोप आला. अनिता केरळची. कपाटचा गाडा तीच हाकते. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. ज्या गाईडवर दोन वर्षांत कोणी तक्रार केली नाही, ते कोणी वाचतच नाही. न वाचलेली गाईडं पुढच्या आवृत्तीतून काढायची ठरली आहेत. मराठी ठेवायचं असेल तर रविवारपर्यंत पाच तरी खऱ्या तक्रारी साईटवर दिसल्या पाहिजेत, आणि ज्याला अडचण आली त्यानं त्या स्वतःच्या नावानं केलेल्या पाहिजेत.

मी कळवलं, वाचतात, पण चूकच नाही तर काय करतील. तिनं उत्तरात नुसता एक हसरा चेहरा पाठवला. तो चेहरा बघून मी आठवड्याची रजा टाकली. कपाट सगळ्यात जास्त वापरतात ते नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत. मी म्हणाले, पाच कसल्या, पन्नास आणते.

मुदखेड

नांदेडला उतरून मुदखेड गाठलं तर स्टेशनावर हार घेऊन तिघे उभे. त्यातले पुढचे गंगाधरराव. निवृत्त प्राथमिक शिक्षक, आता वाचनालय तेच चालवतात. डोक्यावर टोपी, पायात नवे कोरे बूट, आणि ते बूट माझ्यासाठी घातले आहेत हे त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं.

वाचनालय एका लांबट खोलीत. माझं गाईड त्यांनी छापून घेतलं होतं, एकूण एक पानाला प्लास्टिक चढवलं होतं आणि ते काचेच्या कपाटात कुलपात ठेवलं होतं. किल्ली गंगाधररावांच्या कडदोऱ्याला. माझं नाव छापलेलं पान वर दिसेल असं उघडून ठेवलेलं. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला.

आधी सुशीला खाल्ला. आमच्याकडं अंबडला मुरमुऱ्यांचा चिवडा होतो. इकडं ते भिजवून, पिळून, पोह्यांसारखे फोडणीला टाकतात. तीन वेळा वाढून झाल्यावर मी वही काढली आणि म्हणाले, आता गाईडमधल्या अडचणी सांगा.

“अडचण?” गंगाधररावांनी दोघांकडं बघितलं. “न्हाई ताई. लई सुंदर लिवलंय तुम्ही.”

मग त्यांनी मला रेल्वेचं फाटक किती वेळ बंद असतं ते सांगितलं. नळाला पाणी किती दिवसाआड येतं, वीज कधी जाते, जावई फोन का उचलत नाही, आणि आज सुशील्यात लिंबू कसं कमी पडलं, हेही सांगितलं. तक्रारीला माणूस कुठंही कमी नव्हता. फक्त माझ्या वाट्याला एकही येईना. पाहुण्याच्या तोंडावर पाहुण्याची चूक काढायची म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही बाजूनं पटत नव्हतं. आमच्याकडंही पटत नाही म्हणा. पण आमच्याकडं निदान पाहुणा वळणावर गेला की सुरू होतात. मी वळणावर जाऊनही पाहिलं. कोणी काही बोललं नाही.

परत आत आले तेव्हा भिंतीवरचा फळा दिसला. वर ‘पुस्तके परत न करणारे’ आणि खाली पहिलंच नाव लिंबाजी मारोती ढगे. पुढं कंसात कितीतरी पुस्तकं.

त्याचं असं झालं होतं. नवा वाचक कसा नोंदवायचा त्या धड्यात मी उदाहरण म्हणून आबांचं नाव-गाव घातलं होतं. आबांना वाचता येत नाही. एखाद्या पुस्तकात तरी त्यांचं नाव असावं, एवढाच हेतू. ‘आता लिंबाजी मारोती ढगे यांना एक पुस्तक द्या’ असं मी पुढं लिहिलं होतं. मुदखेडकरांनी ते दिलं. जितक्या वेळा धडा गिरवला तितक्या वेळा दिलं. ‘हे सरावापुरतं आहे, नंतर पुसून टाका’ हे वाक्य मी लिहिलेलंच नव्हतं.

माझी नजर बघून गंगाधरराव जवळ आले. “ह्या माणसाचा लई शोध घेतला. मुदखेडात कोणी वळखत न्हाई. गाव-आडनाव तुमच्याकडलं दिसतंय, तुम्ही वळखता का?”

“वळखते,” मी म्हणाले. “माझे वडील आहेत.”

मग गंगाधररावांनी टोपी काढली आणि टोपीनंच फळा पुसला. माझा आनंद मात्र मावेना. मी म्हणाले, काका, हीच तक्रार, गाईडमधली धडधडीत चूक आहे, तुमच्या नावानं साईटवर लिहा. मोबाईल त्यांच्या पुढं धरला. त्यांनी दोन्ही हात मागं घेतले.

“तुमच्या वडिलांची तकरार मी करू? माझ्या हातून व्हायचं न्हाई, ताई.”

त्यावर शाल आली, नारळ आला, फोटो झाला. निघताना नारळ जड झाला म्हणून मी तो गुपचूप बाकाखाली ठेवून आले.

बिलोली

बिलोली नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगण हाकेवर. ताटात भाकरीच्या आधी भात येतो, अंबाडीची भाजी जीभ आंबवून टाकते, आणि बोलता बोलता माणसं मराठीतून तेलुगूत उतरतात, परत चढतात. इथलं वाचनालय पोशट्टीकाका बघतात. त्यांचं सायकलचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या खोलीत पुस्तकं.

मी पोचले तेव्हा वाद चालू होता. मी लेखिका म्हणून आले असेन तर शाल द्यायची, आणि लेक म्हणून आले असेन तर खण-नारळानं ओटी भरायची. एक गट शालीचा, एक खणाचा. मला विचारलं तर मी म्हणाले, मला तक्रार द्या. ते हसले आणि दोन्ही दिलं.

अडचणीचं विचारलं तर पोशट्टीकाकांनी मान हलवली. त्यांना कुठंच काही अडलं नव्हतं. मी वही बंद केली, पाणी प्याले. मग ते आपणहून, जरा खालच्या आवाजात म्हणाले, “आमाला न्हाई. पर लातूरवाल्यांला येत आसंल.”

मी वही उघडली.

“चौदाव्या पानावर तुमी लिवलं, ‘जतन करा’ ह्या बटणावर टिचकी मारा. आता नव्या आवृत्तीत ते बटणच न्हाई. तिथं नुसतं एक चित्र हाय, चौकोनी. लातूरचा माणूस ते बटण हुडकून राहिला, हुडकून राहिला. दोन तास. मग चिडून मशीन बंद करतो, आन् दिवसभराचं समदं जातं.”

एवढं बारीक तुम्हाला कसं ठाऊक, मी विचारलं. अंदाज, म्हणाले. लातूरला कधी गेला होता? एकदा, लग्नाला.

त्यांच्या संगणकाकडं बघितलं तर पडद्यावर, त्या चौकोनी चित्राच्या बरोबर शेजारी, बायका कपाळाला लावतात तसली लाल टिकली चिकटवलेली.

“ही टिकली?”

“लातूरचं कोणी आलं तर आडू नये,” पोशट्टीकाका म्हणाले.

किती विनवलं. तुमच्या नावानं लिहा, दोन ओळी लिहा. ते म्हणाले लातूरवाल्यांच्या नावानं लिहा, मी साक्ष देतो. शेवटी मी ती तक्रार तशीच अनिताला कळवली. एसटीत बसले, आणि देगलूरच्या अलीकडं गतिरोधकावर बिलोलीचा नारळ पिशवीतून सुटला तो घरंगळत थेट ड्रायव्हरच्या पायाशी गेला. त्यानं तो उचलून काचेपुढच्या देवापाशी ठेवला. परत मागायची माझी हिंमत झाली नाही.

उदगीर

उदगीर लातूर जिल्ह्यात. इथल्या वाचनालयाचे अध्यक्ष शिवकांतअप्पा. कापडाचे व्यापारी, कपाळावर भस्म, आवाज पेठेच्या टोकापर्यंत जाणारा. इकडं कानडी घराघरात आहे. त्यांनी मला पहिल्या वाक्यालाच तंगी केलं. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी म्हणाले मला बहीण समजू नका, बहिणीची चूक कोणी सांगत नाही. अप्पा म्हणाले, आधी जेव.

जेवायला हुग्गी होती. उखळात कांडलेल्या गव्हाची गूळ घातलेली खीर, वर तुपाची धार. आमच्याकडं गव्हाची खीर म्हणजे पातळ, प्यायची. ही चमच्यात उभी राहते. दोन वाट्यांनंतर मला विचार करता येईना, तरी बिलोलीवरून शहाणी झाले होते. मी सरळ विचारलं, “अप्पा, नांदेडवाल्यांचं कुठं अडत असेल?”

अप्पा सावरून बसले. माणूस केव्हापासून या प्रश्नाची वाट बघत होता.

“तंगी, नांदेडवाला पाचव्या धड्यात आडकतो. संगणक बंद कसा करावा. तू लिवलंस, बंद करण्याआधी नववा धडा बघा. नववा उघडला तर तू लिवलंस, आधी पाचवा बघा. नांदेडवाला पाचव्यातून नवव्यात जातोय, नवव्यातून पाचव्यात येतोय. जेवायला बी घरी जात नसंल.”

मी गाईड काढून बघितलं. खरंच होतं. पाचवा नवव्याकडं पाठवत होता, नववा पाचव्याकडं. दोन वर्षं.

“मग तुम्ही इथं कसा बंद करता?”

“आमाला बंद करायची गरजच पडत न्हाई,” अप्पा शांतपणे म्हणाले.

संगणक कोपऱ्यात घरघरत होता. दिवाळीत सुरू केला, तेव्हापासून तो बंद झालेला नव्हता. वीज गेली तरी चालू राहावा म्हणून मोठी बॅटरी बसवली होती. पेटी उबदार असते म्हणून तिच्यावर एक मांजर राहायला आलं होतं. तिथंच तिला पिल्लं झाली होती. वाचनालयात पुस्तकांपेक्षा पिल्लं बघायला जास्त मुलं येत होती.

ही अप्पांची स्वतःची तक्रार आहे, हे मांजरालाही कळलं असतं. अप्पांना कबूल नव्हतं. तेवढ्यात अनिताचं उत्तर आलं. बिलोलीचा माणूस सांगतो लातूरला अडचण आहे, उदगीरचा सांगतो नांदेडला आहे. तुमच्याकडं अडचण नेमकी येते कोणाला? अशा ऐकीव तक्रारी चालणार नाहीत. मराठी काढायच्या गाईडांत आहे, रविवारी काढते.

माझा चेहरा पडलेला अप्पांनी बघितला आणि त्याचा वेगळाच अर्थ काढला. त्यांनी विचारलं, मुदखेडला सत्कारात काय दिलं? शाल. साधी का जरीची? साधी, मी म्हणाले. अप्पांनी तिथल्या तिथं फोन फिरवला. शनिवारी लातूरला, जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनालयांच्या वतीनं, माझा मोठा सत्कार ठरला. माझ्या पुस्तकाला गाडायचा दिवस रविवार, आणि आदल्या दिवशी मला फेटा.

किल्लारी

मधला दिवस रिकामा होता म्हणून जीपनं किल्लारीला गेले. भूकंपानंतर वसवलेलं गाव, रस्ते पट्टीनं आखल्यासारखे, घरं ओळीत. पण पत्ता विचारला की माणसं जुन्या गावाच्या हिशेबानं सांगतात. ‘वेशीच्या आत, मारुतीच्या अंगाला.’ वेस इथं नाही, मारुती दुसरीकडं. मी दोन ओळी चुकून एका लग्नघरात शिरले. तिथं जेवूनच बाहेर पडता आलं.

वाचनालय मंगलताई बघतात. सकाळी शेत, दुपारनंतर वाचनालय. त्यांनी माझं गाईड आपल्या सोयीनं सुधारून घेतलं होतं. मी लिहिलं होतं ‘उजवीकडचं बटण’. त्यांनी वर पेनानं केलं होतं ‘कारखान्याकडलं बटण’. डावीकडचं ते ‘रस्त्याकडलं’. सगळ्या गाईडभर. बसल्या जागेवरून एका अंगाला साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला रस्ता. बायकामाणसांना लगेच कळतं, म्हणाल्या.

पावसाळ्यात छत गळायला लागलं म्हणून संगणक समोरच्या भिंतीला नेला. आता माणूस उलट्या तोंडानं बसू लागला. कारखाना डाव्या हाताला गेला. पुस्तक द्यायचं बटण दाबलं की परत आल्याची नोंद व्हायची. महिनाभर ज्यांनी पुस्तकं नेली त्यांच्या नावावर काहीच नाही, आणि ज्यांनी आणून दिली त्यांच्याच मागं माणूस जायचा. शेवटी त्यांनी टेबल परत जुन्या जागी आणलं आणि वर ताडपत्री बांधली.

“ताई, ही तरी तक्रार करा,” मी म्हणाले. मी बटणाचा रंग सांगितला असता, चित्र दिलं असतं, तर हे झालं नसतं.

“तुमची काय चूक, बाई? भिंतीची चूक हाय,” मंगलताई म्हणाल्या. आणि घरून आणलेले धपाटे बांधून दिले.

लातूर

शनिवारचा हॉल भरलेला होता. बाहेर निलंगा राईसची, म्हणजे इकडच्या मसालेभाताची पातेली, आत खुर्च्या, मंचावर माझं नाव. मी जरीची शाल पांघरून बसले होते आणि आबांना काय सांगायचं याचा विचार करत होते. गिरणीवर बिनचूक म्हणून गाजलेलं पुस्तक, बिनचूक म्हणूनच गेलं. हे त्यांना कसं समजावू?

अप्पांचं भाषण सुरू झालं आणि दारातून गंगाधरराव आले. नव्या बुटांत, हातात नारळ. मी बाकाखाली ठेवला होता तोच. मानाचा नारळ पाहुणी विसरून गेली, तो पोचता करायला सत्काराची बातमी ऐकून एसटीनं मुदखेडहून लातूरला आले होते. ते मंचावर चढले, नारळ माझ्या ओटीत घातला आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

अप्पा म्हणत होते की या गाईडात खोट म्हणून नाही. मग ते थांबले, गंगाधररावांकडं बघितलं आणि म्हणाले, “नांदेडकडं काही लोकांला पाचव्या धड्यात जमत न्हाई, आसं कानावर आलंय. ज्याची त्याची कुवत.”

गंगाधरराव उठले.

“हाव,” ते म्हणाले. “आडकलो. पाचव्या-नवव्यात मी सवता आडकलो. चार दिवस. पर नवव्या धड्यापर्यंत पोचलो म्हणून आडकलो, अप्पा. पयल्या पानावर बसलेल्या माणसाला नववा धडा दिसतच न्हाई.”

हॉलमधले नांदेडकडचे दोन पाहुणे टाळ्या वाजवू लागले. अप्पांनी माईक हातात घट्ट धरला.

“पयल्या पानावर? आमचं मशीन दिवाळीपासनं बंद झालं न्हाई. मांजर व्यालं त्याच्यावर. सांगा, हाय का नांदेडात कोणाचं आसं?”

“चार दिवसांचं काय कवतिक,” खालून मंगलताई उठल्या. “मी आख्खं टेबल फिरवलंय. दोनदा. महिनाभर लोकांची उलटी नोंद झाली, शिव्या मी खाल्ल्या.”

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी शाल खुर्चीवर टाकली, मोबाईल काढला आणि मंचाच्या कडेला उभी राहिले. म्हणाले, ज्याला जास्त त्रास झाला त्यानं आधी लिहायचं, नाव-गाव घालून. साईटवर सगळ्यांना दिसेल, कोणाचं गाव किती पुढं आहे ते.

रांग लागली. सत्काराची माणसं पातेल्यांकडं पाठ करून तक्रारी लिहू लागली. अहमदपूरच्या एका मास्तरांनी सांगितलं की तिसऱ्या धड्यानं त्यांची सगळी पुस्तकं एका फटक्यात पुसली गेली. ते सांगताना त्यांची मान ताठ होती आणि बाकीचे आदरानं बघत होते. लातूरच्या तक्रारी भराभर वाढल्या. नांदेडकडून आलेली माणसं मोजकीच. गंगाधररावांना घाम फुटला. त्यांनी बिलोलीला फोन लावला, आवाज मोठा करून.

“पोशट्टी, ते टिकलीचं लिव. आत्ताच्या आत्ता. लातूरवाले म्होरं जाऊन राहिले.”

“पर ते तर लातूरवाल्यांचं...”

“आता तुझं हाय म्हण.”

मग पोशट्टीकाका म्हणाले, “दोन तास न्हाई, तीन तास हुडकलं व्हतं. तीन लिवू का?”

तरी लातूर एकानं पुढं होतं. गंगाधरराव माझ्याजवळ आले. टोपी काढून हातात घेतली होती.

“ताई, ते तुमच्या वडिलांचं... लिवू का? जिल्ह्याचा प्रश्न हाय, म्हणून इचारतो.”

“लिहा,” मी म्हणाले. “पूर्ण नाव लिहा.”

त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं. लिंबाजी मारोती ढगे हा इसम वाचनालयाची पुस्तके घेऊन बसला आहे, तो खरा नाही असे गाईडात कुठेही सांगितलेले नाही. खाली स्वतःची सही म्हणून नाव आणि हुद्दा. मग मंचाखाली उतरून त्यांनी पोटभर निलंगा राईस खाल्ला, अप्पांच्या शेजारी बसून. दोघं रेल्वेला शिव्या देत होते.

परत

पाच मागितल्या होत्या. रविवारी संध्याकाळपर्यंत चाळीसच्या वर गेल्या, कारण नांदेडकडचं मुखेड आणि लातूरकडचं औसा यांना हॉलमध्ये बोलावलंच नव्हतं आणि त्यांना ते लागलं होतं. अनिताचा निरोप आला. तिनं सगळ्या भाषांची गाईडं ताडून बघितली. मराठी गाईड त्यात सगळ्यात वाईट निघालं, दुसरं त्याच्या जवळपासही नाही. तेव्हा ते राहील, आणि शक्य तितक्या लवकर दुरुस्त करावं.

मी घरी जाऊन आबांना सांगितलं. ते अंगणात दोरी वळत होते. म्हणाले, म्हणजे बिनचूक नव्हतं? नव्हतं, मी म्हणाले. आणि लोकांनी वाचलं? वाचलं. आबांनी दोरीला पीळ दिला आणि गिरणीवर गेले. आता गावात अशी बातमी आहे की ढग्यांच्या पोरीच्या पुस्तकावर दोन जिल्हे भांडले.

मग मी कामाला लागले. पहिल्याच दिवशी पाचव्या आणि नवव्या धड्याची गाठ सोडवली. ‘नंतर पुसून टाका’ हे वाक्य घातलं. बटणांची चित्रं एकेक करून द्यायला घेतली. साईटवर तक्रार मिटली की ती गावाच्या आकड्यातून कमी होते. मुदखेडच्या दोन कमी झाल्या आणि तासाभरात गंगाधररावांचा फोन.

“ताई, आमच्या कामून मिटवून राहिल्या? लातूर म्होरं गेलं की.”

मी समजावलं की मिटवण्यासाठीच तर केल्या होत्या. त्यांना ते तत्त्व म्हणून मान्य होतं. मग उदगीरहून अप्पांचा फोन आला. मांजराची तक्रार साईटवर शेवटपर्यंत ठेव, तंगी, पिल्लं अजून लहान आहेत. किल्लारीच्या मंगलताई म्हणाल्या, आमची एकच हाय, ती गेली तर किल्लारी कुठं दिसणार?

तेव्हा आता मी तक्रारी जोडीनं मिटवते. एक नांदेडची, एक लातूरची, एकाच वेळी, दोन्हीकडं फोन करून. आज सकाळी बिलोलीचं चौकोनी चित्र झालं. पोशट्टीकाकांनी टिकलीची तक्रार मिटवायला परवानगी दिली आहे, पण आधी लातूरकडची तेवढ्याच तोलाची एक मिटली पाहिजे. अहमदपूरच्या मास्तरांची आहे, पुस्तकं पुसली गेल्याची. पण तिचं मोल टिकलीपेक्षा जास्त धरावं असं मास्तरांचं म्हणणं आहे. दुपारी तिघांचा एकत्र फोन ठेवलाय.